अडलंय कुठं?

कॉम्प्युटर-मोबाईलवर अडलेल्यांचे या महिन्यात टपालाने अकरा प्रश्न आले आणि फोनवर बोलून पाठवलेले तेवीस. बोलून पाठवणाऱ्यांना एक विनंती आहे, मागे मिक्सर चालू नसताना बोला. एका काकूंचा निरोप मी चार वेळा ऐकला. शेंगाचटणी बारीक होत होती हे कळलं, प्रश्न कळला नाही. काकू, परत पाठवा.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. बारा वर्षं पुण्यात काढली, आता सोलापुरात घरूनच काम करते. जे येत नाही त्याला 'येत नाही' म्हणते. प्रश्नकर्त्यांची नावं छापत नाही, कारण एकदा छापलं तर त्या गृहस्थांना अख्खी गल्ली 'व्हायरस' म्हणू लागली.

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसातला कॉम्प्युटर वीस मिनिटं चालतो आन् आपोआप बंद पडायलाय. जरा थांबून चालू केला की परत वीस मिनिटं. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. टॅलीतला सगळा हिशेब त्यात आहे. काय करावं?

मालक, मदरबोर्ड गेलेला कॉम्प्युटर असा घड्याळ लावून चालत नाही. थंड झाला की चालतो आणि थोड्या वेळाने बंद पडतो, म्हणजे तो तापतोय. आतला प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जळण्याआधी स्वतःच बंद होतो. बिघाड नाही तो, शहाणपणा आहे.

तुमचं ऑफिस आणि मागांची शेड यांच्यात एक दार असणार, आणि ते दिवसभर उघडं असणार. आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. मग वायर काढा, डब्याची बाजूची पत्री उघडा आणि प्रोसेसरवरचा पंखा बघा. पंख्याखाली ॲल्युमिनियमची बारीक पाती असतात, त्यांच्यातून हवा जायला हवी. मी पैज लावते, तिथे तुम्हाला कापसाच्या तुसाचा नमदा बसलेला दिसेल. अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यातल्या डब्यातून मी तो चिमटीने धरून सोलून काढला होता, अख्खा एक तुकडा. रंग गुलाबी. त्या महिन्यात त्यांच्याकडे गुलाबी टॉवेलची ऑर्डर चालू होती.

नमदा हाताने काढा, उरलेलं मऊ ब्रशने आणि हाताच्या ब्लोअरने. कारखान्यातला कॉम्प्रेसर थेट लावू नका, त्याच्या हवेत पाणी असतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. वीज जिथून आत येते तो पत्र्याचा चौकोनी डबा मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो. त्याची धूळ बाहेरूनच झटका. एवढ्याने भागलं नाही तर प्रोसेसर आणि पात्यांमधली वाळलेली पेस्ट बदलून घ्या, कुठलाही दुरुस्तीवाला करून देतो. कॉम्प्युटर जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा. आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर तुमच्याच कारखान्याचा टॉवेल पांघरला असेल (असणारच, सगळे करतात), तर तो आधी काढा.

आता न विचारलेलं थोडं. माझे वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावरून आले की त्यांची छाती आवळायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरा हलकं वाटायचं. आम्हाला वाटायचं, सुट्टीच्या दिवशी काहीतरी थंड खाल्लं असेल. पुढे कळलं की कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचं हे अगदी ठरलेलं लक्षण आहे. त्याला बिसिनोसिस म्हणतात. तुमच्या कॉम्प्युटरने तुमच्याकडे तक्रार केली, कारण त्याला बंद पडता येतं. दार लावून घ्या हे मी त्याच्यासाठी सांगतेय. दाराच्या पलीकडे जे उभे आहेत त्यांच्यासाठी हवा बाहेर ओढणारे पंखे, चांगले मास्क आणि झाडूऐवजी धूळ ओढून घेणारं मशीन, याचाही हिशेब त्याच टॅलीत एकदा करून बघा.

प्रश्न : आमच्या शाळेला एका मोठ्या कंपनीने दहा कॉम्प्युटर भेट दिले. फोटो झाले, पेपरात आलं. आता कुठलीही वेबसाइट उघडली की 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. इंटरनेटवाला म्हणतो, आमची लाइन ठीक आहे. (मुख्याध्यापिका, विजापूर रोड)

बाई, दहाही कॉम्प्युटरवर खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची दिसतेय ना?

कॉम्प्युटर बंद असतानाही त्याचं घड्याळ चालावं म्हणून मदरबोर्डवर बटणाएवढा गोल सेल असतो, नंबर सीआर २०३२. तो संपला की वीज जाताच कॉम्प्युटर तारीख विसरतो. प्रत्येक वेबसाइटकडे ओळखपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. कॉम्प्युटरला वाटतंय २००९ साल चालू आहे, म्हणून त्याला आजचं ओळखपत्र बनावट वाटतं. लाइनवाला खरं बोलतोय. तुम्ही हाताने तारीख लावली तरी दुसऱ्या दिवशी परत तेच होणार, कारण शाळा सुटली की मेन स्विच पाडून जातात. पाडायलाच हवा, त्यात चूक नाही.

हा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. वायर काढा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, आतल्या सेलची कडेची पट्टी जरा बाजूला सारा. सेल आपोआप वर उडतो. नवा बसवताना अधिकची खूण वर ठेवा. आठवी-नववीच्या मुलींकडून करून घ्या. पहिला तुम्ही बदला, उरलेले नऊ त्या बदलतील.

विंडोज १० असेल तर त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ एवढ्या जुन्या मशीनवर नियमात बसत नाही. विंडोजऐवजी टाकता येणारं लिनक्स मिंट फुकट आहे, चार जीबी मेमरीवर चालतं. जुनी फिरती हार्डडिस्क काढून साधी एसएसडी टाकलीत तर मुलांना जांभया येणार नाहीत. बालभारतीची पुस्तकं एकदा उतरवून ठेवा, मग इंटरनेट असो वा नसो.

आणखी एक. त्या डिस्क कोऱ्या आहेत का, ते बघा. अशाच दानातल्या एका डिस्कवर मला एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा अख्खा तक्ता मिळाला होता, बँक खात्यांसकट. खोडलेली फाइल खरं तर तिथेच असते, नुसता तिचा पत्ता पुसलेला असतो. देणाऱ्यांनी पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून मगच द्यायला हवी. माझं स्पष्ट मत आहे की सेल संपलेले दहा कॉम्प्युटर देऊन फोटो काढणं म्हणजे आपलं भंगार शाळेच्या दारात ठेवणं. दान द्यायचं तर मशीनबरोबर एक माणूस द्यावा, वर्षभर ज्याचा फोन उचलला जाईल असा. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर फोटोच्या आधी त्या माणसाचा नंबर मागून घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. वीस वर्षांपूर्वी टाइप करून घेतलेलं माझं लिखाण मुलाच्या लॅपटॉपवर उघडलं तर सगळं अगम्य दिसतं. गेलं का? (शेळगी)

गेलं नाही, गुरुजी. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवायचे. तो फॉन्ट नसेल तर मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मुलाला सांगा, कुठला फॉन्ट होता ते शोध आणि त्या फॉन्टवरून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, नेणारा परिवर्तक वापर. मूळ फाइलला मात्र हात लावू नका, तिची प्रत काढा. परिवर्तनानंतर रफार, पहिली वेलांटी आणि 'दऱ्या', 'सुऱ्या' मधला अर्धा र नीट वाचून घ्या, घोळ तिथेच होतो. पुढचं लिखाण युनिकोडमध्येच करा.

प्रश्न : माझी आई विड्या वळते. रेशन दुकानात मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, 'उद्या या.' तीन उद्या झाले. ज्या दिवशी जाते त्या दिवशीच्या विड्या बुडतात. मी बारावीला आहे. काय करू? (विडी घरकुल)

बाळ, तुझ्या आईचा अंगठा कसा दिसतो ते मला बघायची गरज नाही. माझ्या अम्मानेही तीस वर्षं विड्या वळल्या. दिवसाला हजारच्या हिशेबाने पान आणि तंबाखू बोटांत घोळत राहिली की अंगठ्याच्या रेषा झिजून जातात. अम्माचा अंगठा उजेडात धरला तर नदीतल्या गोट्यासारखा चमकतो. लहानपणी मला ते फार आवडायचं, तिचं बोट गालावरून फिरलं की खरखर लागायची नाही.

आधी काय करायचं ते. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, अंगठ्याचाच हट्ट नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळताना सगळ्यात कमी घासतं, ते लावून बघा. दोन्ही हातांचं. जायच्या आधी साबणाने तंबाखूचा चिकटा काढा, हात पूर्ण कोरडे करा आणि बोट कपाळावरून एकदा फिरवा. आपल्या उन्हाळ्यात कातडी इतकी सुकते की मशीनला ठसा उमटत नाही, कपाळाचं किंचित तेल पुरतं. काच मळलेली असेल तर पुसायला सांगा, भांडण न करता. दुकानातल्या मशीनला डोळ्याचं बुबुळ बघणारं यंत्र जोडलेलं असेल तर ते मागा. आधारला तुमचा मोबाईल जोडलेला असला तर ओटीपीचंही विचारा. रेशनकार्डाची ई-केवायसी राहिली असेल तर ती 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहऱ्यानेही होते, त्याच्या जोडीला 'आधार फेस आरडी' हे ॲप लागतं. हे तू घरी करू शकतेस. आणि एकदा आधार केंद्रावर जाऊन आईचे ठसे नव्याने देऊन या, कारण तिथे नोंदलेले ठसे तिच्या जुन्या बोटांचे आहेत.

हे सगळं करूनही लागलं नाही तर 'उद्या या' हे उत्तर चालत नाही. केंद्राच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रात राज्यांना बजावलं आहे की ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून पात्र माणसाचं धान्य अडवायचं नाही, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून नोंद करून द्यायचं. दुकानदाराला नम्रपणे सांग. नाही ऐकलं तर १९६७ वर तक्रार नोंदव आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेव. तरीही नाही झालं तर रेशनच्या परिमंडळ कार्यालयात लेखी अर्ज दे, पोच घे. अर्जात 'अंगठा लागत नाही' असं लिहू नकोस. 'यंत्र ठसा ओळखत नाही' असं लिही.

हा शब्दांचा खेळ वाटेल तुला, पण नाही. हे यंत्र हो किंवा नाही असं ओळखतच नाही. दोन ठसे किती जुळले याचे ते गुण देतं, आणि किती गुणांना पास म्हणायचं ती रेघ कुठेतरी बसलेल्या माणसाने ओढलेली असते. रेघ वर नेली तर खोटा माणूस शिरत नाही, पण खरा बाहेर राहतो. खाली आणली तर उलट. रेघ कुठे ओढायची हे ठरवणाऱ्या खोलीत विडी वळणारी बाई कधी बसलेली नसते. मी अशा खोल्यांत बसलेली आहे, म्हणून सांगते.

प्रश्न : मी मूळचा सोलापूरचा, सध्या हिंजवडीत नोकरी. पगार चांगला आहे, पण आपण समाजासाठी काहीच करत नाही असं वाटत राहतं. महिन्यातून दोनदा हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येतो. शनिवारी वस्तीतल्या मुलांना कोडिंग शिकवावं म्हणतो. कुठून सुरुवात करू?

शिकव. पण वर्षभर येणार असशील तरच. चार शनिवार येऊन पाचव्याला गायब होणारे दादा-ताई मुलांनी खूप पाहिलेत. त्यापेक्षा न गेलेलं बरं.

मी तुला उलट विचारते, सोमवार ते शुक्रवार तू काय करतोस? तू विचारलं नाहीस तरी माझा सोमवार सांगते.

पुण्यात असताना मी एका कंपनीसाठी पैसे भरायचा स्क्रीन लिहिला होता. ओटीपी टाकायला साठ सेकंद. ते साठ कुणी ठरवले? मीच. आधीच्या एका प्रोजेक्टमध्ये साठ होते, तेच उचलले. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. स्क्रीन झकास चालायचा, आमच्या टीममध्ये सगळ्यांचा ओटीपी पंधरा सेकंदांत टाकून व्हायचा.

पुढे घरी आले तेव्हा अम्माला तोच स्क्रीन वापरताना पाहिलं. मेसेज आला, तिला कळलं नाही. कळला, तर चष्मा आत. चष्मा आणला, तोवर फोनचा उजेड गेलेला. मग सहा आकडे. अम्मा आकडे तेलुगूत म्हणते, तोंडातल्या तोंडात, आणि एकेक टाकते. चौथ्या आकड्याला स्क्रीन म्हणाला, वेळ संपली. तिने परत केलं. तीनदा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला नाही जमत ग, मी अडाणी." मी शेजारी बसले होते, आणि ती साठ सेकंदं मी लिहिली होती हे तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तिला सांगितलं नाही. नंतर सांगितलं, तर हसली आणि म्हणाली, तुझ्या कंपनीला एवढी घाई कसली असते?

मी जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्याने नोंदी काढल्या. 'वेळ संपली' अशा हजारो ओळी, रोजच्या. आम्ही त्या कधी वाचल्याच नव्हत्या, कारण आमच्या लेखी ती प्रोग्रामची चूक नव्हती, वापरणाऱ्याची होती. आमच्या धंद्यात वापरणाऱ्यावर हसायचे विनोद खूप आहेत, तुलाही माहीत असतील. साठाचे सहाशे करायला एक आकडा बदलावा लागला. मंजुरीला पाच आठवडे लागले, त्यातले चार मॅनेजरला पटवण्यात गेले. अम्माची गोष्ट सांगून तो हलला नाही. किती भरणा अर्धवट सुटतो ते रुपयांत मांडलं, तेव्हा हलला. हे लक्षात ठेव, उपयोगी पडेल. सुरक्षेचं कारण कुणी पुढे केलं तर म्हण, चुकीच्या ओटीपीच्या वेळा मोजा, म्हातारीचे सेकंद मोजू नका. आणि वेळेची मर्यादा वापरणाऱ्याला वाढवता आली पाहिजे, हा नियम वेबच्या जागतिक सुगम्यता मार्गदर्शिकेत २००८ पासून लिहिलेला आहे. मला तो तोवर माहीत नव्हता, हे छापतानाही लाज वाटते.

तेव्हा या सोमवारी तुझ्या प्रोजेक्टच्या नोंदी उघड. लोक कुठल्या पानावरून परत फिरतात ते बघ. आडनावाचा रकाना सक्तीचा आहे का? एका मोबाईलवर घरातली दोन माणसं चालतात का? पत्ता 'फ्लॅट नंबर'पासूनच सुरू होतो का? विडी घरकुलात, घोंगडे वस्तीत घर कसं सांगतात ते तुला माहीत आहे, तुझ्या शेजारच्या टेबलावरच्याला नाही. तू सोलापूरचा आहेस याचा उपयोग तिथे आहे.

शनिवारी आलास तर माझ्याकडे ये, वर आलेल्या शाळेतल्या मुलींबरोबर नऊ सेल बदलायचेत.

प्रश्न : माझा जुना सोफा घेणाऱ्याने पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करून पिन टाका म्हणतो. टाकू का? (जुळे सोलापूर)

नका टाकू. पिन पैसे जायला लागतो, यायला कधीच लागत नाही. टाकून झाला असेल तर हे वाचत बसू नका, १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. शरमेने दोन दिवस गप्प बसू नका, फसवणारे त्या दोन दिवसांवरच जगतात.

मागच्या एका अंकातली दुरुस्ती

फोन भरला म्हणणाऱ्यांना मी लिहिलं होतं, 'गूगल फोटोजमध्ये बॅकअप झाला की फोनमधले फोटो खोडा.' बार्शीच्या एका काकांनी बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री केली आणि त्याच ॲपमध्ये बसून एकेक फोटो खोडला. मुलीच्या लग्नाचे, सगळे. त्या ॲपमध्ये खोडलेला फोटो फोनमधूनही जातो आणि बॅकअपमधूनही. काकांनी पत्र लिहिलं, 'माझीच काहीतरी चूक झाली असणार, आम्हाला यातलं कळत नाही.'

बॅकअप झालेले फोटो ॲपच्या कचरापेटीत साठ दिवस राहतात. पत्र मिळालं तेव्हा एक्केचाळीस दिवस झाले होते. मी लगेच फोन केला, आणि सुनेच्या मदतीने त्यांनी सगळे परत आणले. विहिणींच्या फोटोसकट, जो परत आला नसता तरी चाललं असतं असं काकू मागून म्हणाल्या.

काका, चूक तुमची नव्हती. माझं वाक्य अर्धं होतं. पूर्ण वाक्य असं : बॅकअप झाल्यावर गूगल फोटोजमधल्या आपल्या गोल चित्रावर टिचकी मारा, तिथला 'जागा मोकळी करा' हा पर्याय निवडा, आणि ॲपमध्ये स्वतः हाताने एकही फोटो खोडू नका.